पाणी तुंबतं कुठं

धामवळणच्या मारुतीच्या देवळात मी चार सतरंज्या अंथरून बसले होते. बैठक चारची होती. पाच वाजून गेले तरी समोर एकच बाई, शेवंता बुरूड. येताना ती अर्धी विणलेली पाटी घेऊनच आली होती आणि बोलता बोलता तिची बोटं बांबूच्या कांब्या खालीवर घालत होती.

"मॅडम, सुरू करा की," ती म्हणाली.

"कुणासाठी करू, शेवंताक्का?"

"मी हाय न्हवं? मला सांगा. मी सांगते समद्यास्नी."

तिचं कोणी ऐकणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. गावात बुरुडाचं घर एकच, तेही गावठाणाच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर. सुपं-पाट्या लागल्या की लोक तिच्या दारात जात, एरवी नाही. पण माझ्या प्रत्येक बैठकीला ती सगळ्यांच्या आधी हजर असे. सहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात तिची सासू तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेली होती. म्हातारीचा हात तिच्या हातात होता आणि तो सुटला. एवढं एकदाच तिनं मला सांगितलं होतं.

मी नकाशा उघडला आणि त्या एका बाईला ओढ्याचं खोलीकरण समजावून सांगितलं. तिनं मध्ये दोन प्रश्न विचारले. दोन्ही चांगले होते.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि एका संस्थेच्या पूरनिवारण कार्यक्रमातली पाच गावं माझ्याकडे होती. टेकडीवरून येणारा ओढा धामवळणच्या गावठाणातून जाई, पुढे गायरानातून, मग नदीकाठच्या मळीतल्या ऊसशेतांतून नदीला मिळे. वर्षानुवर्षं त्यात गाळ साठलेला. चांगला पाऊस झाला की ओढा फुगायचा आणि पाणी घराघरांत शिरायचं. खोलीकरणाला यंत्र आणि डिझेल संस्था देणार होती, पण एका अटीवर. निम्म्या घरांतली माणसं आठ दिवस श्रमदानाला आली पाहिजेत. मेअखेर आली नाहीत, तर कार्यक्रम दुसऱ्या तालुक्यात जाणार. पाचांपैकी तीन गावं माझ्या हातून तशीच गेली होती.

काय नाही केलं मी! त्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथं प्रत्येक भिंतीवर निळा पट्टा ओढला. बायकांच्या रांगोळीच्या स्पर्धा घेतल्या. पूर आलाच तर आधी कुणाला बाहेर काढायचं, याची यादी केली. म्हातारी माणसं, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेले, प्रत्येकाच्या नावापुढे घराची जागा. ती यादी तालुक्याला पाठवली. तिच्यात पहिलं नाव शेवंताच्या नवऱ्याचं होतं. कल्लाप्पा बांबू तोडताना कड्यावरून पडला होता, तेव्हापासून कमरेखाली त्याला काही उरलं नव्हतं. तो दिवसभर बाजेवर पडून बायकोला कांब्या सोलून द्यायचा.

गाव माझ्या पट्ट्यांना हसलं. एकानं पट्ट्यावर खिळा ठोकून विळा अडकवला. "दर साली येतंया पानी आन् जातंया," लोक म्हणत. "चार दिस शाळंत ऱ्हायाचं, सरकार खिचडी देतं. त्यापायी आठ दिस रोजगार बुडवायचा व्हय?"

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सरपंचांकडे गेले. हिंदुराव पन्नाशीचे, बोलायला मऊ. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी मला सोप्यात बसवलं, ताक दिलं.

"आबा, तुम्ही एक शब्द टाकलात तर लोक येतील."

"न्हाई येनार," ते म्हणाले. "मॅडम, तुमी शिकलेल्या. पर मानसं कशानं उठत्यात ते तुमाला कुनी शिकवलं न्हाई. भ्या दाखवून उठत न्हाईत. भ्याची त्यास्नी सवं झालीया."

"मग कशानं उठतात?"

"राग आला की. पान्यावर कसला राग काढनार? पान्याला तोंड हाय का?" त्यांनी माझ्याकडे न बघता ताकाचा तांब्या पुढे सरकवला. "तोंड दावा. उद्या ग्रामसभेला नळाच्या पान्यासाटनं समदं गाव येनार हाय. धा मिंटं तुमाला देतो."

मी उठले तेव्हा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या बुरुडाच्या घराची मागची भित वड्यात येती का हो? आपलं इचारलं."

"येते. दोन फूट."

"आसंल, आसंल," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरून माणसं बाहेर पारावर बसली होती. नळाचं भांडण दोन तास चाललं. मग आबांनी माझं नाव घेतलं. मी उठले आणि खरं सांगायचं तर मला कळलं होतं की ही माणसं मला पुन्हा मिळणार नाहीत. मी गाळाविषयी बोलले, पाण्याच्या वेगाविषयी बोलले. लोक उठायला लागले. एकानं जांभई दिली. शेवंता खांबाला टेकून बसली होती, हातात पाटी नव्हती. ती मला मान हलवून धीर देत होती.

तेवढ्यात आनसाबाई नावाची एक म्हातारी उभी राहिली. त्या मोठ्या पुरात तिची गाभण म्हैस दावणीलाच बुडाली होती.

"त्ये समदं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माज्या दारात पानी का येतंय त्येवडं सांगा. पानी तुंबतं कुठं?"

आबा छताकडे बघत होते. मी नकाशा वर धरला.

"बुरुडाच्या घरापाशी," मी म्हणाले. "त्या घराची मागची भिंत ओढ्याच्या पात्रात आहे."

मग शेकडो माना एकदम खांबाकडे वळल्या. शेवंता माझ्याकडेच बघत होती. आपलं नाव निघालं हे तिला बहुधा उशिरा समजलं, कारण ती अजून थोडी हसत होती.

"म्हंजे हिच्यापायी?" आनसाबाईचा आवाज चिरकला. "हिच्या भितीपायी माजी म्हस मेली?"

मग सगळेच बोलू लागले. कुणाचं धान्य भिजलं होतं, कुणाची भिंत पडली होती, कुणाची सून ओल्या घरात आजारी पडून गेली होती. सहा वर्षं त्या सगळ्या गोष्टी नुसत्या पडून होत्या. त्या दुपारी त्यांना घर मिळालं. कुणी तरी ओरडलं, "आत्ताच्या आत्ता पाडू!" आबांनी हात वर केला. "कायद्यानं करायचं. उद्या सकाळी. श्रमदान म्हनून. मॅडम, लिवा नावं."

माझ्यासमोर रांग लागली. दोन महिने मी ज्यांच्या दारात चकरा मारत होते ते सगळे रांगेत होते. एकशे ऐंशी घरांपैकी एकशे एकसष्ट घरांची नावं मी लिहिली. माझा हात दुखायला लागला. मला आनंद झाला होता, हे मी इथं लपवत नाही.

संध्याकाळी शेवंता माझ्या खोलीवर आली. दारातच उभी राहिली.

"मॅडम, खरंच पानी तितं तुंबतं?"

"हो."

"मला कवा बोलला न्हाईसा."

"मोजणी उशिरा झाली, शेवंताक्का."

तिनं मान हलवली. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्यानं उंबरा घासत होती. "मग माजी सासू गेली ती आमच्याच भितीपायी म्हना की," ती म्हणाली.

त्या क्षणी मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एवढा एक शब्द होता.

"ठीक हाय," ती म्हणाली. "पान्याच्या वाटंत आसंल तर जायालाच पायजे. ह्यास्नी तेवडं कुटं तरी ठेवा."

"गायरानात जागा देतील. मी आबांशी बोलते."

सकाळी सात वाजता हलगी वाजत होती. तीनशे माणसं जमली होती. फावडी, टिकाव, पहारी, बायकांच्या कमरेला पदर खोचलेले. कल्लाप्पाला बाहेर काढायला कुणी पुढे येईना. शेवंतानं बाजेचं एक टोक धरलं आणि दुसरं मी. आम्ही त्याला बाभळीखाली ठेवलं. तो नुसता घराकडे बघत राहिला, एखाद्याचं लग्न लांबून बघावं तसा.

शेवंतानं भांडी काढली, गोधड्या काढल्या. मग आतून पाट्यांची एक चळत घेऊन आली, वीस-पंचवीस असतील. "गाळ उचलाया लागतील," म्हणून तिनं त्या माझ्यापाशी ठेवल्या. शेवटी ती टिकाव घेऊन आली आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"पयला घाव मीच घालते," ती म्हणाली.

संस्थेच्या छायाचित्रकारानं तो फोटो काढला. टिकाव डोक्याच्या वर, तोंड घट्ट मिटलेलं.

तिचा घाव पडला आणि माणसं आत घुसली. मी घरं पाडताना पाहिली आहेत. माणसं सांभाळून पाडतात, दारं-खिडक्या बाजूला काढतात, कौलं उतरवतात. इथं कुणी काही उतरवलं नाही. कौलांवर पहारी मारल्या. एकानं चुलीवर उडी मारली आणि ती पायांनी चेचली, मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून पुन्हा एकदा मारली. देवाचा कोनाडा फुटला तेव्हा शेवंता पुढे धावली. आनसाबाईनं ओढ्यातला चिखल दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या तोंडावर फेकला.

"घे! आमी सा वर्सं खाल्ला. आता तू खा!"

लोक हसले. शेवंतानं पदरानं तोंड पुसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला वाटत असावं की हे आपल्याला लागूच आहे.

चाळीस मिनिटांत घर गेलं. माणसं घामानं निथळत होती आणि थांबायला तयार नव्हती. मी ओढ्यात उतरले आणि ओरडले, "आता गाळ! इथून वरपर्यंत!" माणसं उतरली. मी असं श्रमदान पुन्हा कधी पाहिलं नाही. नऊ दिवस गाव ओढ्यात होतं. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं ते एका पाटीला दोघं लागले. भाकरी एकत्र खाल्ल्या. यंत्र आलं, गाळाचे डोंगर झाले, आणि गावठाणापासून गायरानाच्या शेवटापर्यंत ओढा पुरुषभर खोल झाला. तिथून पुढे मळी सुरू व्हायची. मळीच्या तारेच्या कुंपणापाशी सगळे थांबले. आबांच्या धाकट्या भावानं तिथं सगळ्यांना चहा दिला, नारळ फुटला आणि काम संपलं.

आता नकाशाचं सांगते. ओढ्याची मोजणी परुळेकर नावाच्या एका निवृत्त अभियंत्यानं केली होती. ग्रामसभेच्या तीन आठवडे आधी ते मला घेऊन सबंध ओढा चालले होते. बुरुडाच्या घरापाशी ते थांबलेही नाहीत. मी भिंत दाखवली तेव्हा म्हणाले, "अहो, इथं पात्र चाळीस फूट आहे. दोन फुटांनी काय होणार?" मग ते मला मळीत घेऊन गेले. तिथं आबांच्या भावानं उसाचे ट्रॅक्टर नेण्यासाठी ओढ्यावर भराव टाकून रस्ता केला होता, आणि एवढ्या सगळ्या पाण्यासाठी खाली दोन सिमेंटच्या नळ्या घातल्या होत्या. "गावात पाणी शिरतं त्याचं निम्मं कारण गाळ आणि निम्मं कारण हे," परुळेकर म्हणाले, आणि नकाशावर त्या जागी त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केला. ग्रामसभेत मी जो नकाशा वर धरला होता त्याच्यावर तो गोल होता. लोकांना तेवढ्या लांबून दिसला नाही.

हे माझ्याखेरीज आबांना माहीत होतं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. मळीचं नाव घेतलं असतं तर श्रमदानाला एक माणूस आला नसता.

बुरुडाला जागा मिळाली ती गायरानाच्या खालच्या टोकाला, मळीच्या कुंपणाला लागून. दुसरीकडे कुणी द्यायला तयार नव्हतं. ताबापावतीवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

धामवळणला त्या वर्षी लोकसहभागाचं पारितोषिक मिळालं. मला बढती मिळाली आणि मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. शेवंताचा टिकाव उगारलेला फोटो आमच्या भिंतीवर लागला. खाली लिहिलं होतं, 'गावासाठी स्वतःचं घर देणारी माउली.' ठिकठिकाणच्या प्रशिक्षणांत मला बोलवायचे, लोक सहभागी का होतात यावर बोलायला. मी बोलायचे. माझं भाषण चांगलं व्हायचं.

पाऊस आला तो दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये. दोन दिवस थांबलाच नाही. गावठाणात पाणी आलं, पण गुडघ्याच्या वर चढलं नाही आणि सकाळचं दुपारी उतरलं. साफ केलेल्या ओढ्यानं सगळं पाणी भराभर खाली नेलं, मळीच्या भरावापर्यंत. तिथं त्या दोन नळ्या होत्या. पाणी मागं वळलं आणि गायरानावर चढलं.

तालुक्याहून बोट आली. पथक बाहेरगावचं होतं, हातात यादी होती. पहिलं नाव कल्लाप्पा बुरूड, घर ओढ्याकाठी, गावठाणाच्या टोकाला. ते तिथं गेले. घर नव्हतं, माणूस नव्हता. त्यांनी नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं आणि दुसऱ्या नावाकडे वळले.

शेवंता छातीभर पाण्यातून देवळापाशी आली होती. तिच्या एकटीनं बाज उचलेना. पथकातल्या माणसानं यादी पाहिली आणि सांगितलं, "बाई, तुमचं नाव झालेलं आहे." ती ओरडत होती की गायरानात, गायरानात. त्या गोंगाटात गावातली दहा-पंधरा माणसं होती. त्यांतलं कुणी पथकाला सांगायला पुढे झालं नाही. वाईटपणा म्हणून नव्हे, असं नंतर आबा मला म्हणाले. ज्याला त्याला आपापलं पडलं होतं. ती पुन्हा पाण्यात शिरायला लागली तेव्हा मात्र चौघांनी तिला धरलं आणि शाळेच्या खोलीत बाहेरून कडी घातली. तिच्या भल्यासाठी.

कल्लाप्पा तिसऱ्या दिवशी उसात सापडला. बाजेला त्यानं स्वतःला गोधडीनं बांधून घेतलं होतं. बाज तरंगेल असं वाटलं असेल.

मी अंत्यविधीला गेले नाही. जिल्ह्यात कामं होती. नोकरी मी पुढं चार वर्षांनी सोडली, आणि लोक समजतात तशी त्या कारणानं नाही.

गेल्या वर्षी इचलकरंजीला एका लग्नाला गेले असताना कळलं की शेवंता तिथंच मुलाकडे असते. मुलगा, घर पाडलं त्याच्याही आधीपासून, तिथं यंत्रमागावर कामाला. मी पत्ता शोधत गेले. जाताना ठरवून गेले होते की सांगायचं. नळ्या, भराव, लाल गोल, सगळं.

दोन खोल्या. दारात बसून ती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची पिशवी विणत होती. मला तिनं आवाजावरून ओळखलं, नजर गेली होती.

"मॅडम? या की! रेणुका, खुर्ची टाक. आपल्या गावच्या मॅडम आल्यात."

सुनेनं खुर्ची टाकली. माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

"शेवंताक्का, मला तुम्हाला एक सांगायचं आहे," मी म्हणाले.

"आदी मला इचारू द्या," ती म्हणाली. तिनं चाचपडत माझा हात धरला. तिची बोटं अजून तशीच होती, कांब्यांनी कापलेली. "माजा ल्योक म्हनतो, आई, तुला फशिवलं. म्हनतो, आपल्या घरानं काय बी आडत न्हवतं, उगंच पाडलं, आन् त्यापायी आप्पा गेलं. सून बी तेच म्हनती. रोज म्हनत्यात. मी म्हनते, मॅडमनी मोजून सांगितलंया. खोटं कशाला सांगतील? त्या सालच्या पावसात गावात पानी चढलं न्हाई, हे समद्यांनी बघितलं. आमी घर काडलं म्हनून चढलं न्हाई. व्हय न्हवं?"

आतली भांडी थांबली होती. सून दाराच्या चौकटीत येऊन उभी होती. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि ती वाट बघत होती.

शेवंतानं माझा हात दाबला. "सांगा की मॅडम. ह्येंचं मरन कशाला तरी लागलं न्हवं?"

"हो," मी म्हणाले. "तुमच्या घरानंच पाणी अडत होतं. घर काढलं म्हणून गाव वाचलं."

ती एकदम सैल झाली. तोंडावर हसू आलं. "ऐकलंस, रेणुका? मॅडम सोता सांगत्यात." मग तिला काही सुचलं. "ल्योक सांजच्याला यील, त्येला पटनार न्हाई. तुमी कागदावर लिवून द्या. तुमच्या सहीचं. मला वाचाया येत न्हाई, पर त्येला दावते."

सुनेनं आतून एक वही आणून माझ्या मांडीवर टाकली. पेनही टाकलं.

मी तेच लिहून दिलं. चार ओळी. शेवंता कान देऊन पेनचा आवाज ऐकत होती. पेन थांबलं तसं तिनं विचारलं, "सही केलीसा?"

"केली."

"तारीख?"

मी तारीख घातली.